डब्लिन शहरांतील सायंकाळ : वडीलधाऱ्या प्रवाशांकरितां

परदेशचा प्रवास म्हटला म्हणजे दिवसाची चिंता फारशी कोणी करीत नाहीं. दिवसा पाहण्याजोगीं स्थळें असतात, वाटाडे असतात, आणि पाय चालतील तोंपर्यंत वेळ सहज निघून जातो. खरी अडचण येते ती दिवेलागणीनंतर. तरुण मंडळी हिंडावयास निघून जातात. परंतु सत्तरी ओलांडलेल्यांनीं काय करावें? हॉटेलच्या चार भिंतींत बसून दूरचित्रवाणीवरचे न समजणारे कार्यक्रम पाहावे, कीं आठ वाजतांच पांघरूण ओढून पडावें? आजकाल मुलेंमुली परदेशीं स्थायिक झाल्यामुळें पुष्कळ घरांतील आईवडील त्यांच्या भेटीस जातात, आणि जातांना वाटेंतील एखादें शहर पाहून घेतात. अशा कुटुंबांत हा प्रश्न वारंवार निघत असला पाहिजे.

आम्हां उभयतांस तो गेल्या जून महिन्यांत आयर्लंडच्या राजधानींत, डब्लिन शहरीं, सोडवावा लागला. बरोबर आमचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील व त्र्याहत्तर वर्षांच्या मातोश्री होत्या. वडिलांचें इंग्रजी उत्तम, परंतु एका कानानें त्यांस कमी ऐकूं येतें. मातोश्रींचे कान तिखट, परंतु इंग्रजी बेताचें आणि गुडघे त्याहून बेताचे. पहिल्याच दिवशीं जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही जा बाबांनो फिरायला, आम्ही दोघें येथेंच बरीं." हें वाक्य आपल्या घरांतील वडील माणसें नेहमींच बोलतात, आणि तें ऐकून मुलें खरोखरच निघून जातात. त्यांतील अर्थ 'आम्हांस यावयाचें नाहीं' असा नसून 'आमची तुम्हांस अडचण नको' असा असतो. तेव्हां वडील मंडळींना एकटें ठेवावयाचें नाहीं, असा निश्चय करूनच आम्हीं पुढील सहा दिवसांचा विचार केला.

डब्लिन शहर सुमारें त्रेपन्न अक्षांशांवर, म्हणजे आपल्या मुंबई-पुण्याच्या फार उत्तरेस आहे. त्यामुळें जून महिन्यांत तेथें सूर्य रात्रीं पावणेदहाच्या पुढें मावळतो, तर डिसेंबरांत दुपारीं चारनंतर लवकरच अंधार पडूं लागतो. वडिलांचा सायंसंध्येचा नेम असल्यामुळें त्यांस ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटली. परंतु लौकरच त्यांनीं तींतील सोय ओळखली : साडेसात वाजतां सुरू झालेला कार्यक्रम आटोपून परत आलें, तरी सूर्य आमची वाट पाहत असे! वृद्धांना परक्या गांवांत अंधाराची भीति वाटते. ती येथें उन्हाळ्यांत उरत नाहीं. हिवाळ्यांत जाणारांनीं मात्र उलट हिशेब धरावा.

आयर्लंडांत सायंकाळ कोठें घालवावी असें कोणासहि विचारलें, तर 'पब' हें उत्तर मिळतें. पब म्हणजे दारूचा गुत्ता हा अर्थ खोटा नाहीं, पण अपुरा आहे. गांवची चावडी, चहाचें दुकान आणि भजनीमंडळ यांचीं कित्येक कामें हीच जागा करीत असते. शिवाय मद्य न घेणारा मनुष्य त्या देशांत नवलाचा मुळींच नाहीं. फादर थिओबाल्ड मॅथ्यू या धर्मगुरूनें १८३८ साली कॉर्क शहरीं मद्यत्यागाची चळवळ सुरू केली, आणि लक्षावधि लोकांनीं त्याच्यापाशीं शपथ घेतली. त्याचा पुतळा डब्लिनच्या हमरस्त्यावर, ओकॉनेल स्ट्रीटवर, उभा आहे. पुढें १८९८ मध्यें डब्लिनमध्येंच 'पायोनिअर' नांवाची संपूर्ण मद्यत्यागाची संस्था निघाली. आणखी एक सोय वृद्धांच्या दृष्टीनें मोठीच आहे. २९ मार्च २००४ पासून त्या देशांत सर्व कामाच्या जागीं, म्हणून पबमध्येंहि, धूम्रपानास कायद्यानें बंदी झाली. सबंध देशभर असा कायदा करणारें जगांतील हें पहिलें राष्ट्र. दमेकरी माणसास तेथें आंत बसतां येतें, तें यामुळें.

तरीहि आम्हीं आरंभ पबपासून केला नाहीं, नाटकापासून केला. मराठी मनुष्यास नाटकगृहांत परकें वाटत नाहीं, हा आमचा अनुभव. ॲबी थिएटर हें आयर्लंडचें राष्ट्रीय नाट्यगृह. कवि येट्स, लेडी ग्रेगरी वगैरे मंडळींच्या प्रयत्नानें तें १९०४ च्या डिसेंबरांत उघडलें. १९२५ पासून सरकार त्यास वार्षिक साहाय्य देऊं लागलें. इंग्रजी भाषेच्या जगांत असें साहाय्य मिळालेलें तें पहिलेंच नाट्यगृह होय. १९०७ मध्यें सिंज याचें 'प्लेबॉय ऑफ दि वेस्टर्न वर्ल्ड' लागलें, तेव्हां देशाची बदनामी झाली म्हणून प्रेक्षकांनीं दंगा केला होता. जुनी इमारत १९५१ मध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. आजची १९६६ मध्यें उघडली.

वडिलांना या सर्व इतिहासाहून दुसरी एक गोष्ट अधिक हृद्य वाटली. रवीन्द्रनाथांचें 'डाकघर' हें नाटक इंग्रजींत प्रथम रंगभूमीवर आलें तें याच ॲबी थिएटरांत, मे १९१३ मध्यें. रवीन्द्रनाथांस नोबेल पारितोषिक मिळण्याच्या अगोदर कांहीं महिने. त्याच्या जोडीस पॅट्रिक पिअर्स यांचें नाटक होतें, आणि खेळ पिअर्स यांच्या शाळेच्या मदतीकरितां झाला. तेच पिअर्स १९१६ च्या बंडाचे पुढारी म्हणून इंग्रजांच्या गोळ्यांस बळी पडले. परतंत्र अशा दोन देशांतील लेखकांनीं एका रात्रीं एका रंगभूमीवर भेटावें, ही गोष्ट वडील पुढें दोन दिवस बोलत होते.

येथें एक व्यावहारिक सूचना. ज्यांस कमी ऐकूं येतें त्यांच्याकरितां ॲबीमध्यें ठराविक दिवशीं संवाद पडद्यावर अक्षरांत दाखविले जातात. तिकिटें काढतांना हा दिवस विचारून घ्यावा. गेइटी (१८७१) व ऑलिंपिया (१८७९) हीं जुनीं नाट्यगृहें पाहण्यासारखीं खरीं. परंतु त्या काळच्या कोणत्याहि थिएटरांत वरची जागा म्हणजे जिने आलेच. गुडघे दुखणारांनीं चार पैसे अधिक मोजून खालचीच जागा घ्यावी. पार्नेल चौकाजवळचें गेट थिएटर १९२८ मध्यें स्थापन झालें. ज्यांस अभिजात नाटकें आवडतात त्यांनीं तेथील कार्यक्रमहि पाहावा.

नाटक वडिलांस मानवलें; मातोश्रींस तें अर्थांतच अर्धेमुर्धें कळलें. म्हणून दुसऱ्या दिवशीं शब्दांवांचून चालणाऱ्या गोष्टीकडे वळलों. सेंट पॅट्रिकच्या कॅथीड्रलमध्यें शाळेच्या सत्रांत आठवड्याच्या दिवशीं सायंकाळीं साडेपाचच्या सुमारास गायनयुक्त प्रार्थना होते. तेथील गायकबालांची शाळा १४३२ मध्यें स्थापन झालेली, आणि 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा कर्ता स्विफ्ट १७१३ पासून १७४५ पर्यंत याच मंदिराचा मुख्य होता. त्याची समाधिहि तेथेंच आहे. प्रार्थनेस येणारांपाशीं तिकीट मागत नाहींत. धर्म निराळा असला तरी शांत बसणारास कोणी हटकत नाहीं. उंच दगडी कमानींखालीं मुलांचे स्वर चढूं लागले, तशा मातोश्री पदर सांवरून, हात जोडून बसल्या त्या शेवटपर्यंत. बाहेर आल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "पोरांच्या आवाजांत काय गोडी असते!"

संगीताचें या शहराशीं नातें जुनें आहे. हँडेल याचें 'मेसाया' प्रथम गाइलें गेलें तें डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटवर, १३ एप्रिल १७४२ रोजीं. गर्दी इतकी होईल अशी अपेक्षा होती कीं, स्त्रियांनीं घेरदार सांगाडे घालूं नयेत व पुरुषांनीं तरवारी आणूं नयेत, अशी आगाऊ विनंति करण्यांत आली. उत्पन्नाचा एक भाग कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्यांच्या सुटकेकडे गेला, आणि १४२ कैदी मोकळे झाले. आजचें राष्ट्रीय संगीतगृह अर्ल्सफोर्ट टेरेसवर असून तें १९८१ मध्यें उघडलें. १८६५ च्या प्रदर्शनाची ही जागा. पुढें तेथें विद्यापीठ आलें, आणि इंग्लंडशीं झालेल्या तहावर आयरिश प्रतिनिधींचा वाद १९२१-२२ च्या हिवाळ्यांत तेथेंच झाला. राष्ट्रीय वाद्यवृंदाच्या शुक्रवारच्या सायंकाळच्या बैठकी प्रसिद्ध आहेत. संगीत ऐकतां ऐकतां आम्हांस मार्गारेट कझिन्स या आयरिश विदुषीची आठवण झाली. संगीताची पदवी संपादून ही बाई १९१५ मध्यें हिंदुस्थानांत आली, आणि अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक १९२७ च्या जानेवारींत पुण्यास भरली, ती मुख्यतः तिच्या खटपटीमुळें. आमच्या वाचकभगिनींस हें नांव अपरिचित नसावें.

आतां देशी संगीताविषयीं. पबमधील या बैठकीस 'सेशन' म्हणतात. व्यासपीठ नसतें, तिकीट नसतें. एका टेबलाभोंवतीं पांचसात मंडळी व्हायोलिन, बांसरी, कॉन्सर्टिना, चामड्याचा बोड्रान घेऊन बसतात. एक जण गत सुरू करतो, ज्यांस ती येते ते तींत मिळतात. दोनतीन आवर्तनें झालीं कीं न थांबतां दुसरी गत जोडतात. या वाद्यांत 'इलन पाइप्स' नांवाचा एक प्रकार आहे. त्यांत वारा तोंडानें न फुंकतां कोपराखालच्या भात्यानें भरावयाचा असतो. स्मिथफील्ड भागांतील 'कॉबलस्टोन' हा पब अशा बैठकींविषयीं विख्यात आहे. २०२१ मध्यें त्या जागीं हॉटेल बांधण्याची योजना निघाली, तेव्हां शेंकडों लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नगरपालिकेनें परवानगी नाकारली. आपल्या गाण्याची जागा राखण्याकरितां नागरिकांनीं एवढें करावें, हें आपणहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आम्ही गेलों तो पब मात्र लहानसा, हॉटेलजवळचा होता. मातोश्री दाराशींच अडखळल्या. आंत चहा मिळतो असें समजल्यावर त्या आल्या, आणि भिंतीलगतच्या बांकावर एका वृद्ध आयरिश बाईशेजारीं बसल्या. कांहीं वेळानें वाद्यें थांबलीं, सर्वत्र शांतता झाली, आणि एक म्हातारा डोळे मिटून, कोणत्याहि साथीवांचून, आपल्या जुन्या भाषेंत गाऊं लागला. शेजारच्यानें त्याचा हात हातांत धरला होता. या गाण्यास 'शॅन नोस' म्हणजे 'जुनी रीत' म्हणतात. श्रोत्यांपैकीं कोणी चमचाहि वाजवीत नाहीं. मातोश्री हळूच म्हणाल्या, "ही ह्यांची ओवी दिसते." शब्द एकहि न कळतां त्यांनीं जें ओळखलें, तें आम्हांस पुस्तकें वाचूनहि इतक्या थोडक्यांत सांगतां आलें नसतें. निघतांना शेजारच्या बाईनें त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. दोघींमध्यें भाषेचा व्यवहार कांहींच झाला नव्हता. पण खोलींत बसल्या असत्या तर तो स्पर्श घडला नसता.

ज्यांस पब मुळींच नको त्यांनीं कोल्तस या संस्थेची चौकशी करावी. १९५१ मध्यें देशी संगीताच्या रक्षणाकरितां ती निघाली, आणि तिचें मुख्य ठाणें शहराबाहेर मंकस्टाउन येथें आहे. मे महिन्यांत जाणारांस 'बियाल्तना' नांवाचा उत्सव सांपडेल. तो वृद्धांच्याच कलांचा असून देशभर चालतो.

गाणें-नाटक नको असेल त्या दिवशीं दोन सोपे मार्ग आहेत. मेरिअन चौकांतील राष्ट्रीय चित्रसंग्रह गुरुवारीं रात्रीं साडेआठपर्यंत उघडा असतो, आणि कायमचीं चित्रें पाहण्यास कांहीं पडत नाहीं. या संग्रहास बर्नार्ड शॉ यानें आपल्या लेखनाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मृत्युपत्रानें दिला आहे. दुसरा मार्ग म्हणजे आगगाडीनें डन लीरी बंदरावर जाऊन धक्क्यावर बसणें. तेथील पूर्वेकडील धक्का एक मैलाच्या आंतबाहेर लांब व सपाट आहे. चालवेल तेवढें चालावें, आणि शहरांतील म्हातारे कोतारे कुत्र्यांस घेऊन जातात ते पाहावें.

खाण्याची अडचण समजतात तितकी नाहीं; विकलो स्ट्रीटवरील 'कॉर्न्युकोपिआ' हें शाकाहारी उपाहारगृह १९८६ पासून चालू आहे. टेंपल बार हा भाग मात्र रात्रीं टाळावा. तेथील फरशी उंचसखल आणि गोंगाट फार. २००४ पासून चालणाऱ्या लुआस ट्रामगाडींत चढण्यास पायरी नाहीं, ही वृद्धांस मोठीच सोय. एका दिवशीं एकच कार्यक्रम ठेवावा, आणि दुपारीं दोन तास विश्रांति घ्यावी.

'म्हाताऱ्या माणसांकरितां काय आहे' असा ठोक प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. म्हातारीं माणसें सगळीं एकसारखीं नसतात. एकाचा कान गेलेला असतो पण जिज्ञासा तरणी असते. दुसरीस भाषा येत नाहीं पण सूर कळतो. कोणाचें काय शाबूत आहे तें पाहून सायंकाळ निवडली, तर मनोरंजन कोणत्याहि शहरांत सांपडतें. घरीं वडील माणसें संध्याकाळीं देवळांत किंवा पारावर जातात, तीं कांहीं करमणुकीसाठींच जात नाहींत. चार माणसांत बसावें एवढीच त्यांची इच्छा असते. परदेशीं त्यांची खरी उपासमार होते ती या माणसांच्या संगतीची. ती संगति मिळवून देणें हें बरोबर नेणाऱ्या मुलांसुनांचें काम आहे, आणि डब्लिनसारख्या बोलक्या शहरांत तें मुळींच अवघड नाहीं.