दुसरा पडदा

एकाच मॉनिटरवर अनुवाद करणाऱ्याची बोटं ऑल्ट आणि टॅब या दोन बटणांवर झिजतात. एका खिडकीत मूळ पुस्तकाची स्कॅन केलेली पानं, दुसऱ्या खिडकीत आपला मजकूर. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. एक कन्नड वाक्य वाचायचं, बटणं दाबायची, ते नजरेआड झालं की मराठीत लिहायचं. पुन्हा मागे जायचं. अनेक वर्षं असंच चाललं. मग मान आणि मनगटं दोन्ही कुरकुरायला लागली आणि दुसरा मॉनिटर घ्यायचं ठरवलं.

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर वापरलेले पण धडधाकट मॉनिटर मिळतात. तिथून एक १९ इंची, चौकोनाकडे झुकणारा मॉनिटर रिक्षात घालून आणला. जोडायला भाचा आला. कॉम्प्युटरच्या पाठीमागची एचडीएमआयची जागा पहिल्या मॉनिटरने घेतली होती. शेजारचं निळं, जुन्या धाटणीचं व्हीजीए रिकामं होतं. वायर तिथे बसली. मग त्याने विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबलं. पडद्यावर चार पर्याय आले: फक्त मुख्य पडदा, डुप्लिकेट, एक्स्टेंड, फक्त दुसरा पडदा.

"मावशी, डुप्लिकेट हवंय की एक्स्टेंड?"

"फरक काय रे?"

"डुप्लिकेट म्हणजे इकडे जे दिसतं तेच तिकडे. एक्स्टेंड म्हणजे टेबल मोठं झाल्यासारखं."

तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला या प्रश्नावर आम्ही तासन् तास भांडलो होतो. त्याला उत्तर लगेच हवं होतं. मी एक्स्टेंड म्हटलं.

पुढचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. दोन पडद्यांपैकी एकाला मुख्य ठरवावं लागतं. अनुवादाच्या चर्चेत मूळ कृती मुख्य आणि अनुवाद तिच्या मागून चालणारा, हे बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं. टेबलापाशी मात्र ज्यावर लिहायचं तो पडदा समोर लागतो, नाहीतर मान आखडते. पंचेचाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला की आणखी एक गोष्ट कळते: जवळचं दिसणारा भाग काचेच्या खालच्या बाजूला असल्यामुळे पडदा उंच असेल तर हनुवटी वर करून वाचावं लागतं. म्हणून मराठीचा पडदा समोर आणि जरा खाली आला. कन्नड डावीकडे, किंचित माझ्याकडे वळवलेलं. तो मॉनिटर स्टँडवर फिरत होता, म्हणून उभा केला. पुस्तकाचं अख्खं पान एका नजरेत बसायला लागलं. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे ओळीखाली लोंबणारी जोडाक्षरं, इतकी स्वच्छ मी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा पाहिली.

उभा केल्यावर त्याची उंची १२८० पिक्सेल झाली; समोरच्याची १०८०. सेटिंग्जमध्ये दोन्ही पडद्यांच्या वरच्या कडा जुळवल्या, तर खालच्या २०० पिक्सेलमधून बाण इकडे येत नाही, कडेला थडकून थांबतो. खालच्या कडा जुळवल्या तर वरून थडकतो. कुठून वाट ठेवायची एवढंच आपल्या हातात. मी खालून ठेवली.

वेग वाढला. पानामागे मानधन घेणाऱ्याला हे सुख शब्दांत सांगता येत नाही. पण एकाच लेखकाच्या दोन कथांचे पहिले खर्डे, एक जुन्या पद्धतीने केलेला आणि एक दोन पडद्यांवर केलेला, शेजारी ठेवून मोठ्याने वाचले, तेव्हा वेगळंच काही दिसलं.

कन्नड द्राविडी, मराठी आर्य कुळातली. पण शतकानुशतकांच्या शेजारामुळे दोघींची वाक्यरचना बरीच मिळतीजुळती. क्रियापद शेवटी, विशेषणं आधी. डोळा डावीकडून शब्द उचलतो आणि समोर ठेवतो. क्रमही बदलावा लागत नाही. त्यामुळे दोन पडद्यांवरच्या खर्ड्यात 'काल संध्याकाळी बसमधून उतरताना छत्री विसरलेल्या मुलाच्या आईने फोन केला' या घडणीची वाक्यं जास्त होती. व्याकरणात चूक काहीच नाही. पण माझी आई म्हणेल, 'काल बसमधून उतरताना जो मुलगा छत्री विसरला ना, त्याच्या आईचा फोन आला.' कन्नडमध्ये 'बरुत्तेने अंत हेळिद' असतं. त्याचं 'येतो म्हणून सांगितलं' आपोआप होतं. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मराठीत हे सहज ऐकू येतं, आणि तिकडच्या पात्राच्या तोंडी ते शोभतंही. नाशिकच्या वाचकाला मात्र प्रत्येक पात्र सीमेवरचं वाटायला लागतं.

जुन्या पद्धतीत बटण दाबल्यापासून लिहायला लागेपर्यंत मधे एक क्षण असायचा. त्या क्षणी डोळ्यांसमोर कन्नड नसायचं. वाक्याचा अर्थ आणि सूर तेवढा लक्षात राहायचा, आणि मराठी तिथून उगवायची. दुसऱ्या मॉनिटरने तो क्षण काढून घेतला.

इथे उमा कुलकर्णींची आठवण होते. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणताना विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर वाचून टेप करून ठेवत आणि उमाताई तो ऐकून मराठीत लिहीत. ती सोय लिपीच्या अडचणीतून निघाली होती. पण तिचा एक परिणाम असा की लिहिताना समोरच्या कागदावर फक्त मराठी असे. कन्नड कानावरून जात होतं, आणि कानावरून गेलेलं वाक्य समोर उभं राहून पहारा करत नाही.

वाचकाकडे तर एकच पडदा असतो. त्याला डावीकडे पाहून खात्री करून घेता येत नाही. त्याच्यासमोर जे मराठी आहे, ते स्वतःच्या पायांवर उभं असावं लागतं.

म्हणून आता तीन खर्डे होतात. पहिल्याला दोन्ही पडदे चालू. दुसऱ्याला विंडोज आणि पी दाबून पहिला पर्याय निवडते. कन्नड काळोखात जातं आणि मी फक्त मराठी वाचत, मोडत, पुन्हा बांधत जाते. तिसऱ्याला डावा पडदा पुन्हा उजळतो आणि ओळीला ओळ ताडून पाहते: वाक्य गळलं का, आकडा बदलला का. नात्यांचे शब्द तर हमखास. कन्नडमधली 'अत्ते' सासूही असते, आत्याही आणि मामीही. मराठीत तिघींना तीन वेगळी घरं. गेल्या आठवड्यात मधल्या खर्ड्यात एक अत्ते फार सहज सासूबाई होऊन बसली होती, कारण मराठी वाक्य तसं छान वाहत होतं. तिसऱ्या खर्ड्यात दोन पानं मागे गेले, तर ती नायिकेच्या वडिलांची बहीण.

हिशेब केला तर दुसऱ्या मॉनिटरने वाचवलेला बहुतेक वेळ मधल्या खर्ड्यातच जातो. मानधन पानामागे तेवढंच राहतं. तरी तो खर्डा गाळायचा नाही, असं ठरवून टाकलं आहे.