हवेतली तूट

ऑक्सिजनच्या घरात तीन भाऊ: सोळा, सतरा आणि अठरा. रासायनिक स्वभाव एकच, फरक फक्त वजनाचा. हवेतले दहा हजार ऑक्सिजन अणू मोजायला घेतले तर ९,९७६ निघतात सोळाचे, वीसेक अठराचे आणि सतराचे जेमतेम चार. तिघंही स्थिर, कुणी किरण सोडत नाही, कुणी झिजत नाही. त्यामुळे कार्बन-१४सारखं वय सांगणं त्यांना जमत नाही. पण एखाद्या दगडात कोण किती आहे, यावरून तो दगड कुठल्या पाण्यात, कुठल्या हवेत घडला हे मात्र उमगतं.

तिघांतल्या मधल्याचं जे व्हायचं तेच झालं. त्याला कुणी विचारलंच नाही.

मान मिळाला अठराला. हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली हिशेब मांडला, की समुद्रजीवांच्या चुनखडी कवचात अठराचं प्रमाण पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलायला हवं. १९५१मध्ये शिकागोत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. त्यांच्या हाती होता जुरासिक काळातला बेलेम्नाइट, म्हणजे आपल्या म्हाकुलाच्या दूरच्या नातलगाच्या अंगातला टोकदार, दगड झालेला भाग. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं त्यातही असतात. ती एकेक करून खरवडली, भुकटी तपासली, आणि निघालं ते असं: हा प्राणी सुमारे चार वर्षं जगला, त्यानं तीन उन्हाळे आणि चार हिवाळे नोंदवले, आणि वसंतात मेला. माणसाचा मागमूस नव्हता त्या काळातल्या एका म्हाकुलाचा मरणाचा ऋतू आपल्याला कळतो, हे मला अजूनही थोडं आगाऊपणाचं वाटतं. त्यानं काही आपल्याला सांगायचं म्हणून कवच रचलं नव्हतं.

सतराकडे दुर्लक्ष झालं, त्याला कारणही तसंच होतं. सोळा आणि अठरात दोनाचं अंतर, सोळा आणि सतरात एकाचं. म्हणून अठरा हजारी दहानं वाढला की सतरा हजारी पाचनं वाढणार, हे ठरलेलं. शिवाय तो मोजणं कटकटीचं. यंत्रात कार्बन डायऑक्साइड सोडला की सतराचा रेणू आणि कार्बन-१३चा रेणू एकाच जागी येऊन बसतात. त्यांना वेगळं करायचं तर दगडातून शुद्ध ऑक्सिजन काढावा लागतो आणि त्यासाठी ब्रोमीन पेंटाफ्लोराइडसारखं जहाल द्रव्य हाताळावं लागतं. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या गणितासाठी एवढी जोखीम कोण पत्करणार?

फेब्रुवारी १९६९मध्ये मेक्सिकोतल्या अयेंदे गावाच्या परिसरात उल्का पडली. तिच्यातल्या पांढुरक्या ठिपक्यांचा ऑक्सिजन रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांनी तपासला, आणि १९७३ साली जाहीर केलं की इथं सतरा आणि अठरा सारख्याच पावलांनी चालतात. निम्म्याचा नियम पार मोडलेला! हे अवकाशातलं, आपल्या सूर्यमालेबाहेरचं काही असावं, असं तेव्हा वाटलं. दहा वर्षांनी मार्क थीमेन्स आणि जॉन हायडनराइख यांनी साध्या ऑक्सिजनमधून विजेची ठिणगी सोडून ओझोन केला, तर त्यातही तेच. म्हणजे नियम मोडायला तारे लागत नव्हते. ओझोन जुळताना वजनापेक्षा रेणूची ठेवण महत्त्वाची ठरत होती, आणि ओझोन तर आपल्या डोक्यावरच आहे.

आता हवेतला व्यवहार बघा. वर स्थितांबरात सूर्यप्रकाशानं ओझोन फुटतो. सुटलेला अणू कार्बन डायऑक्साइडला जाऊन चिकटतो, मग त्या रेणूतला कुठलातरी एक अणू निसटतो. या अदलाबदलीत सतराची जास्तीची शिल्लक कार्बन डायऑक्साइडच्या खात्यात जाते आणि साध्या ऑक्सिजनच्या खात्यात तेवढीच तूट पडते. कार्बन डायऑक्साइड खाली उतरतो, पाण्यात मिसळतो, आणि त्याची शिल्लक धुऊन जाते. ऑक्सिजनची तूट मात्र हवेतच राहते. ती भरून काढतात झाडं आणि शेवाळं, पाण्यातून नवा ऑक्सिजन करून. साऱ्या हवेतला ऑक्सिजन असा बदलून निघायला हजारेक वर्षं लागतात. तेव्हा तूट मोठी दिसली तर अर्थ दोन: वर कार्बन डायऑक्साइड फार, किंवा खाली हिरवं फार थोडं.

पण कोट्यवधी वर्षांपूर्वीची हवा आणायची कुठून? अंटार्क्टिकाच्या बर्फातले बुडबुडेही त्या मानानं अगदी अलीकडचे. इथं मदतीला येतो गंज. पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं ते पिवळं चकचकीत खनिज, पावसापाण्यात उघडं पडलं की त्याचं सल्फेट होतं. सल्फेटमध्ये एका गंधकाभोवती चार ऑक्सिजन. त्यातले बरेचसे पाण्यातून येतात, थोडे मात्र थेट हवेतून. आणि सल्फेटचा गुण असा, की एकदा जुळलेले हे ऑक्सिजन ते सहसा सोडत नाही. चुनखडी पाण्याशी देवघेव करून बसते, सल्फेट करत नाही. नद्यांनी ते समुद्रात नेलं, तिथं बेरियम भेटलं, की तळाशी बसतं बेराइट.

माझ्या टेबलावर बेराइटचा एक करडा तुकडा आहे. भूगर्भशास्त्रातल्या एका मित्रानं तो मंगमपेटहून आणला. हे गाव आंध्रात, आपल्या ओट्यांवरची काळी फरशी जिथून येते त्या कडप्प्याच्याच मुलखात. तुकडा लिंबाएवढा, पण पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात हमखास खाली जातो. पाण्याच्या साडेचारपट जड. हाच जडपणा तेलविहिरी खोदताना कामाला येतो. आणि पोटाच्या एक्स-रेआधी मला जो पांढरा, खडूच्या चवीचा घट्ट घोट घ्यावा लागला होता, तोही बेरियम सल्फेटचाच. बेरियम ते सल्फेट काही सोडत नाही, म्हणूनच तो घोट पिऊन माणूस सुखरूप राहतो.

हुइमिंग बाओ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दक्षिण चीनमधल्या अशाच बेराइटचा सतरा मोजला. ते दगड ६३.५ कोटी वर्षांपूर्वीचे. सह्याद्रीचा काळा कातळ ६.६ कोटींचा, म्हणजे त्यांच्यापुढे पोरसवदाच. एक महाभयंकर हिमयुग तेव्हा नुकतंच संपत होतं. जोसेफ किर्शव्हिंक यांनी अशा काळातल्या पृथ्वीला बर्फाचा गोळा म्हटलं होतं. कल्पना अशी: सगळं गोठल्यावर खडकांची झीज थांबते, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारं कुणी उरत नाही, ज्वालामुखी मात्र तो ओकतच राहतात. साठत साठत एक दिवस त्याच्याच उबेनं बर्फ वितळतं. ऐकायला चोख, पण त्या हवेचा पुरावा कुठे? चीनच्या बेराइटमध्ये सतराची ठसठशीत तूट निघाली. पुढच्याच वर्षी स्वालबार्डमधल्या त्याच हिमयुगातल्या, हिमनद्यांच्या गाळात आटत चाललेल्या तळ्यांच्या चुनखडीत अडकलेलं सल्फेट तपासलं, तर तूट त्याहूनही मोठी. तोवर पृथ्वीवर कुठेच तेवढी सापडलेली नव्हती.

गंधकाचंही असंच आहे. त्याचे स्थिर भाऊ चार. जेम्स फार्कर, बाओ आणि थीमेन्स यांनी २००० साली दाखवलं, की अतिप्राचीन खडकांत गंधक-३३ नियम सोडून वागतो आणि सुमारे २४५ ते २०९ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान हा बेशिस्तपणा संपतो. ओझोनचं छत नव्हतं तोवर अतिनील किरण थेट खाली येऊन ज्वालामुखीच्या गंधकवायूशी खेळत होते. हवेत ऑक्सिजन भरला आणि तो खेळ बंद पडला. ऑक्सिजनच्या आगमनाची यापेक्षा पक्की नोंद मला तरी माहीत नाही.

सतराची नोंद इतकी पक्की नाही, आणि मला ती त्यासाठीच अधिक आवडते. तूट दिसली की लगेच आकाशाकडे बोट दाखवता येत नाही, समुद्राकडेही बघावं लागतं. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या १४० कोटी वर्षांपूर्वीच्या सल्फेटमध्येही अशी तूट आहे. २०१८ साली पीटर क्रॉकफर्ड आणि सहकाऱ्यांनी तिचा अर्थ लावला तो हिरवाईच्या बाजूनं: तेव्हा प्रकाशसंश्लेषण आजच्या मानानं फार मंद होतं, जुना ऑक्सिजन हवेत रेंगाळत होता, आणि तूट भरून काढायला समुद्रात पुरेसे जीवच नव्हते.