भिंतीवरच्या मरियम, नावातल्या मरियम

रांजणगावात महागणपतीच्या दर्शनाला भाविक येतात, तसे एमआयडीसीत पोटापाण्यासाठी देशभरातून लोक येतात. आमच्या शेजारी असेच एक केरळी ख्रिश्चन कुटुंब राहते. एके दिवशी आमची आठ वर्षांची लेक त्यांच्या घरून आली आणि म्हणाली, "अब्बा, त्यांच्या भिंतीवर हजरत मरियमचा फोटो आहे. माझं नाव त्यांच्यावरूनच ठेवलंय ना? मग आपल्याकडे का नाही?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. आपल्यात तसबिरी लावत नाहीत, एवढे सांगितले की मूल गप्प होते. त्याचे समाधान होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते चित्र पाहून आलो. इटलीच्या रॅफेलने १५१४ च्या सुमारास काढलेल्या गोल चित्राची ती छापील प्रत. मूळ चित्र फ्लोरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात आहे. खुर्चीत बसलेली आई, डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र, खांद्यावर हिरवी शाल. बाळाला तिने उराशी घट्ट धरले आहे. बाजूला हात जोडलेला एक लहान मुलगा. "हा योहान," शेजारीणबाई म्हणाल्या. म्हणजे आपले हजरत यह्या (अ.)!

घरी हे सांगितले तेव्हा अम्मी म्हणाल्या, "सूरह मरियमच्या सुरुवातीलाच यह्यांच्या जन्माची खुशखबर आहे. पण त्या चित्रात मरियम आरामात बसल्यात. कुरआनात त्या एकट्या आहेत, खजुराच्या बुंध्याशी कळा सोसतायत. तिथंच अल्लाहनं त्यांना पाणी दिलं, खजूर दिले."

लेकीच्या जन्माच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून अम्मी हीच सूरह पढत होत्या. नाव तिथेच ठरले होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने आग्र्याला गेलो. तिथून सुमारे ४० किलोमीटरवर फतेहपूर सिक्री. गाडीत लेकीला म्हटले, असेच एक चित्र गोव्याहून तिकडे गेले होते. नोव्हेंबर १५७९ मध्ये अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून तीन जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले. दमण, सुरत, ग्वाल्हेर करत ते फेब्रुवारी १५८० मध्ये सिक्रीला पोचले. रोमच्या सांता मारिया मॅज्योरे चर्चमधल्या माय-लेकराच्या चित्राची प्रत त्यांच्याजवळ होती. बादशहाने तिचा मोठा अदब राखला, असे पाद्र्यांनी लिहून ठेवले आहे.

सिक्रीच्या लाल दगडी महालांत फिरताना ते चित्र काही दिसले नाही. मात्र मरियम हे नाव जागोजागी कानावर आले. अकबराच्या आईचा किताब 'मरियम मकानी'. जहांगीरच्या आईचा, म्हणजे राजपूत घराण्यातून आलेल्या बेगमेचा, 'मरियम-उझ-जमानी'. बादशाही घराण्यात आईला मोठा मान द्यायचा, तो या नावाने.

तिथेच एका पायरीवर बसून मी लेकीला म्हणालो, "बेटा, इबादत फक्त अल्लाहची. म्हणून आपण तसबीर लावत नाही. पण त्यांचा आदर आपण सोडलेला नाही. तो कुरआनात आहे आणि तुझ्या नावात आहे. शेजारच्या आंटीही त्यांचा आदरच करतात, त्यांच्या रीतीने."

तिने थोडा विचार केला. "म्हणजे मला कोणी हाक मारली की त्यांची आठवण होते?"

"व्हायला हवी," अम्मी म्हणाल्या, "आणि तू वागायचंही तसंच."

परतल्यावर लेक आग्र्याचा पेठा घेऊन शेजारी गेली. चित्रातल्या त्या लहान मुलाचे आपल्याकडचे नाव तिला आंटींना सांगायचे होते.