मुखत्याराच्या सहीने घर : पोर्तुगालहून तीन पत्रे

पत्र पहिले : लिस्बन

तीर्थरूप काकांस, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पोर्तुगालमध्ये घर विकत घेणाऱ्याने खरेदीखताच्या दिवशी स्वतः हजर असलेच पाहिजे, असे बंधन नाही. त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्यास देणाऱ्या लेखाला, म्हणजे आपल्याकडील मुखत्यारपत्राला, येथे ‘प्रोकुरासांव’ म्हणतात. १९६६ च्या नागरी संहितेच्या २६२ व्या कलमाने त्याची व्याख्या करतानाच एक अट घालून ठेवली आहे : मुखत्याराने जो व्यवहार करायचा, त्याला कायद्याने जेवढी औपचारिकता लागते, तेवढीच सामान्यतः मुखत्यारपत्रालाही लागते. घराचे खरेदीखत साध्या कागदावर होत नाही, म्हणून ते करण्याचा अधिकारही साध्या कागदावर देता येत नाही.

आपली उभी हयात दुय्यम निबंधकांच्या कचेरीत पक्षकारांबरोबर गेली असल्यामुळे येथील नोटरी आपणांस विशेष कुतूहलाचा वाटेल. भारतातील १९५२ च्या कायद्याखालचा नोटरी सही समक्ष झाल्याची साक्ष देतो, शिक्का मारतो आणि नोंदवहीत नोंद करतो; मजकुराच्या शहाणपणाशी त्याला फारसे कर्तव्य नसते. पोर्तुगालमधील नोटरी मात्र मजकूर स्वतः तयार करतो, कायद्याशी ताडून पाहतो, पक्षकारांपुढे मोठ्याने वाचतो, त्याचा अर्थ व परिणाम समजावून देतो आणि त्यानंतरच सह्या घेतो. २००४ च्या सुधारणेपूर्वी तो सरकारी अधिकारी होता; आता तो स्वतंत्र व्यावसायिक असला, तरी त्याच्या लेखाला सार्वजनिक दस्तऐवजाचे बळ कायम आहे. २००८ च्या एका हुकूमनाम्याने वकिलांनाही असा व्यवहार प्रमाणित दस्ताने पुरा करण्याची मुभा दिली, परंतु वाचून दाखवण्याची रीत त्यामुळे मोडली नाही.

हे वाचन पोर्तुगीज भाषेत होते आणि ज्याला ती समजत नाही, त्याच्यासाठी शपथबद्ध दुभाषा बसवावा लागतो. दुभाषा शोधणे, त्याचे शुल्क देणे, चौघांच्या वेळा जुळवणे यापेक्षा भाषा जाणणाऱ्या वकिलास मुखत्यार नेमणे सोपे पडते. त्यामुळे लिस्बनमध्येच वास्तव्य असलेले परदेशी खरेदीदारही हा मार्ग पत्करतात. सोय निर्विवाद आहे. मात्र अख्ख्या व्यवहारात खरेदीदाराला सगळे काही समजावून सांगण्याची सक्ती कायद्याने ज्या एका प्रसंगी केली आहे, नेमका तोच प्रसंग खरेदीदार या सोयीपायी सोडून देतो, आणि त्याची भरपाई मुखत्यारपत्राच्या मसुद्यात आधीच करून ठेवली नाही तर ती पुढे कोठेही होत नाही.

भारतातून असे पत्र पाठवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात नोटरीसमोर सही करून, राज्य शासनाच्या पातळीवरचे साक्षांकन घेऊन, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ लावून घ्यावे लागते. अपोस्टिल म्हणजे हेग येथील १९६१ च्या करारान्वये दिले जाणारे, सही-शिक्का खरा असल्याचे प्रमाणपत्र. भारताच्या बाबतीत हा करार २००५ पासून अमलात आहे आणि पोर्तुगालही त्यात सामील आहे. मूळ लेख इंग्रजीत असल्यास त्याला प्रमाणित पोर्तुगीज भाषांतर जोडावे लागते. दुसरा मार्ग पोर्तुगालच्या वकिलातीचा. तेथील अधिकाऱ्यांना नोटरीचे अधिकार असल्यामुळे त्यांच्यापुढे झालेला लेख जन्मतःच पोर्तुगीज ठरतो. असा वाणिज्य दूतावास पणजीत आहे, ही गोष्ट कोकण-गोव्याकडच्या मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पत्र दुसरे : पोर्तो

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

दोउरू नदीच्या काठावरील जुन्या वस्तीत, निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या अरुंद दर्शनी भिंतींवर ‘विकणे आहे’ या अर्थाच्या पाट्या जागोजागी दिसतात, आणि त्यांतील बरीच घरे इतकी जुनी आहेत की १९५१ च्या बांधकाम नियमावलीपूर्वीची म्हणून त्यांना वापरपरवान्याचीच गरज नसते. वापरपरवाना म्हणजे इमारत ज्या कामासाठी वापरली जात आहे त्यासाठी ती मंजूर असल्याचा नगरपालिकेचा दाखला, आपल्याकडील भोगवटा प्रमाणपत्राचा जवळचा नातेवाईक. जानेवारी २०२४ पासून तर नव्या इमारतींच्या खरेदीखतासाठीही तो सादर करण्याची सक्ती उरलेली नाही. नोकरशाही कमी करण्याचा हेतू स्तुत्य असला, तरी नोटरीने पूर्वी हटकून विचारला असता असा प्रश्न आता खरेदीदारालाच विचारावा लागतो, आणि तो परदेशात बसलेला असेल तर त्याच्या मुखत्याराला. मुखत्यारपत्रात ‘कागदपत्रे मिळवून तपासणे’ हे काम स्पष्ट लिहिण्याचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे.

तपासायचे मुख्य कागद दोन. करखात्याकडील ‘कादेर्नेता प्रेदियाल’ या उताऱ्यात मालमत्तेचे वर्णन, क्षेत्रफळ आणि करपात्र मूल्य असते. नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे ‘कॉन्सेर्व्हातोरिया’च्या, दाखल्यात मालक कोण आणि बोजा कोणाचा हे असते. सातबारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा यांत मेळ नसण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे सांगण्याची गरज नाही की दोन कचेऱ्यांतील दोन उताऱ्यांवरचे क्षेत्रफळ येथेही नेहमी एक नसते.

खरेदीखताआधी बहुधा साठेखताचा टप्पा येतो. यात दिल्या जाणाऱ्या इसाऱ्याला ‘सिनाल’ म्हणतात आणि नागरी संहितेच्या ४४२ व्या कलमाचा त्याबाबतचा हिशेब रोखठोक आहे : खरेदीदार फिरला तर इसारा बुडतो, विकणारा फिरला तर त्याला तो दुप्पट परत द्यावा लागतो. तेव्हा मुखत्याराला साठेखतावर सही करण्याचा अधिकार देताना किमतीची कमाल मर्यादा आणि इसाऱ्याची रक्कम लिहून ठेवणे अगत्याचे. नाहीतर मुखत्याराच्या एका सहीने खरेदीदाराचे पैसे अडकतात आणि सही त्याच्या अधिकाराबाहेर होती असे म्हणण्याची सोय राहत नाही. व्यवहाराआधी खरेदीदाराच्या नावाने नऊ अंकी करक्रमांक, ज्याला ‘नीफ’ म्हणतात, घेतलेला असावा लागतो, आणि तो काढण्याचे कामही मुखत्याराकडे देता येते. हस्तांतर कर व किमतीवर ०.८ टक्का मुद्रांक कर हे दोन्ही सहीच्या आधीच भरलेले असावे लागतात.

खरेदीखत वाचले जाताना भारतीय कानाला सर्वांत अनोळखी वाटावा असा भाग किमतीचा नसून विवाहाचा असतो. खरेदीदार विवाहित असल्यास जोडीदाराचे नाव आणि त्यांच्या विवाहाची ‘मालमत्ता-पद्धती’, म्हणजे पतिपत्नींची मालमत्ता एकत्र मानायची की वेगळी, याची नोंद लेखात करावीच लागते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या हिंदू दांपत्याला हा प्रश्नच परका, कारण त्यांच्या कायद्यात विवाहामुळे मालमत्ता सामाईक होत नाही. त्यांची नोंद बहुधा विभक्त मालमत्तेच्या सदरात करावी लागते.

गोव्याच्या दांपत्याची गोष्ट वेगळी, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला रमवील अशी आहे. विवाहपूर्व करार केलेला नसेल तर त्यांची मालमत्ता, विवाहापूर्वीचीसुद्धा, सामान्यतः सामाईक धरली जाते. हा नियम १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा. खुद्द पोर्तुगालने १९६७ पासून अमलात आणलेल्या नव्या संहितेत तो बदलला आणि करार नसेल तेव्हा केवळ विवाहानंतर कमावलेली मालमत्ता सामाईक मानली, पण गोवा १९६१ सालीच मुक्त झालेला असल्यामुळे तेथे जुनाच नियम टिकला. त्यामुळे मडगावचे जोडपे पोर्तोत घर घेते, तेव्हा नोटरीच्या मेजावर त्याच्याच देशाने टाकून दिलेला कायदा परदेशी कायदा म्हणून येतो. मुखत्यारपत्रात पद्धतीचा उल्लेख राहून गेल्यास ऐनवेळी विवाहाच्या दाखल्याची, त्यावरच्या अपोस्टिलची आणि भाषांतराची मागणी होऊन ठरलेला दिवस हातचा जाऊ शकतो. आपल्या ओळखीतील ज्या मडगावकर मंडळींचा असा विचार चालू आहे, त्यांना एवढे अवश्य कळवावे.

पत्र तिसरे : ताविरा

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

दक्षिणेकडील आल्गार्व्ह प्रांतात परदेशी खरेदीदारांची वर्दळ सर्वाधिक जाणवते, आणि दलाल, विकासक व वकील हे तिघेही एकाच दाराने भेटण्याचा प्रकारही. विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलासच खरेदीदाराने मुखत्यार नेमणे बेकायदेशीर नाही. तो शहाणपणा मात्र नव्हे. मुखत्याराने दोन्ही बाजूंनी स्वतःच व्यवहार करणे २६१ व्या कलमानुसार रद्द करवून घेता येते, परंतु मुखत्यारपत्रात तशी स्पष्ट संमती दिलेली असेल तर हे संरक्षण गळून पडते. छापील मसुद्यांमध्ये अशी संमती एखाद्या लांबलचक वाक्याच्या शेपटाला बांधलेली असू शकते, म्हणून सहीपूर्वी ते वाक्य शोधून खोडणे हे खरेदीदाराचे पहिले काम.

कुलमुखत्यारपत्र, म्हणजे सर्वच कामांचा मोघम अधिकार देणारा लेख, या कामासाठी नकोच. एकच मालमत्ता, कमाल किंमत, ठरावीक मुदत, विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार नाही, दुसऱ्यास अधिकार सोपवण्याची मुभा नाही, इतके विशेष मुखत्यारपत्रात असावे. विकण्याचा अधिकार देणाऱ्या अपरिवर्तनीय मुखत्यारपत्राकडे तर येथील करखाते हस्तांतर म्हणूनच पाहते आणि हस्तांतर कर मागते, कारण खरेदीखत न करताच घरे हस्ते-परहस्ते फिरवण्याची युक्ती येथेही माहीत आहे. मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रास महाराष्ट्राचा मुद्रांक कायदा खरेदीखताइतकेच शुल्क लावतो, आणि अशा कागदाने मालकी जात नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात बजावले, हे आपणांस ठाऊकच आहे.

पैशाबाबत एक पथ्य पाळावे : सहीचा अधिकार आणि रक्कम एकाच हाती देऊ नये. भारतात राहणाऱ्यास रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, आणि पतिपत्नी सहमालक असल्यास दोघांच्या मर्यादा एकत्र करता येतात. १० लाख रुपयांपलीकडच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते, तो पुढे विवरणपत्रात वळता होतो. त्याच विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात या घराची नोंद करावी लागते. पोर्तुगीज खरेदीखतातही पैसे कोणत्या मार्गाने दिले याचा उल्लेख करावा लागत असल्यामुळे बँकेचे कागद जपून ठेवणे दोन्ही देशांत उपयोगी पडते. घर घेतले की निवासपरवाना मिळतो, ही मुंबईच्या पार्टीत अजून ऐकू येणारी समजूत मात्र सोडून द्यावी. २०१२ साली सुरू झालेल्या ‘गोल्डन व्हिसा’ योजनेतील घरखरेदीचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला.

खरेदीखताची नोंद कॉन्सेर्व्हातोरियात झाल्याचा दाखला हाती आला, की मुखत्यारपत्र लेखी रद्द करून तसे मुखत्यारास आणि नोटरीस कळवावे. रद्द झाल्याची ज्यास माहिती नव्हती, अशा प्रामाणिक तिऱ्हाईताला कायदा संरक्षण देतो. म्हणून मूळ प्रतही परत मागावी, आणि ती परत करण्यास मुखत्यार २६७ व्या कलमाने बांधलेला आहे.

काकूंस नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा, ही विनंती.