आडनावाचं गाव

मैत्रिणींनो, तुम्ही तुमच्या आडनावाचं गाव पाहिलंय का? मी लग्नानंतर तेरा वर्षं पाहिलं नव्हतं.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. हजेरी घेताना कागलकर, पन्हाळकर, हुपरीकर अशी नावं येतात आणि सारा जिल्हा डोळ्यांपुढून जातो. एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, तुम्ही आजरेकर, मग आजरा कसं आहे हो?” मला उत्तर देता येईना.

घरी विषय काढला. हे म्हणाले, “तिथं आपलं कोण आहे आता?” सासूबाई मात्र हळूच म्हणाल्या, “मलाही कुणी नेलं नाही कधी.” मग काय, आम्ही दोघीच निघालो! दशम्या बांधून घेतल्या नि गडहिंग्लजवरून जाणारी एस. टी. पकडली.

आजऱ्याच्या बाजारात घनसाळ तांदूळ घेतला. शिजताना घरभर वास सुटतो तो हाच. दुकानदाराला मी कौतुकानं आडनाव सांगितलं. तो हसला. “वहिनी, इथं सगळेच आजरेकर. मग आडनाव म्हणून कोण लावणार?”

खरंच की! गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावायची गरज नसते. गाव सोडलं की परमुलखातले लोक ‘कुठले?’ म्हणून विचारतात आणि ‘कर’ चिकटतो. कधी वतनामुळेही चिकटतो. रामचंद्रपंत अमात्यांचं घराणं बावड्याच्या जहागिरीवरून बावडेकर म्हणून ओळखलं जातं. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर नाव घेतलं. साहेबाच्या देशातही हीच तऱ्हा! जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पूर्वजांचं आडनाव इंग्लंडातल्या वॉशिंग्टन या गावावरून आलेलं.

म्हणजे आडनाव हा गाव सोडल्याचा दाखलाच म्हणायचा. पण बायकांचं काय? आपण तर न पाहिलेल्या गावाचं नाव एका दिवसात लावतो आणि स्वतःचं पुसतो.

दुपारी रामतीर्थावर गेलो. हिरण्यकेशीच्या पाण्यात पाय सोडून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पन्नास वर्षं या गावाचं नाव लावलं, तोंड आज पाहिलं.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुझं माहेर शिरोळकर ना गं? शिरोळ तरी पाहिलंस का?”

नव्हतं पाहिलं. वडील नेहमी ‘पुढच्या सुट्टीत जाऊ’ म्हणायचे. ती सुट्टी आली नाही, आणि आता वडीलही नाहीत. शिरोळ कोल्हापूरहून काही लांब नाही!

येत्या सुट्टीत लेकीला घेऊन जाणार आहे. तीही उद्या दुसरं नाव लावील. त्याआधी तिला दोन्ही गावं दाखवून ठेवायची आहेत. सासूबाईंनी तर आत्ताच बजावलंय, “मलाही घेऊन चल हो!”

तुम्हीही एक दिवस काढा. दोन्ही गावांसाठी.