लोणंद ते म्हसवड : अंगठ्यापासून अक्षरापर्यंत

पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लवकरच लोणंद स्थानकात थांबते. गावात पाऊल ठेवताच पहिली ओळख होते ती कांद्याच्या वासाची. जैन स्वयंपाकघरात ज्याला जागा नाही, त्या कांद्याच्या उलाढालीवर या बाजारपेठेचे नाव महाराष्ट्रभर गेले आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडते, पालखी लोणंदला विसावते आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. एरवीचे लोणंद मात्र तराजू, पावत्या आणि खातेवह्या यांचे गाव आहे.

बाजाराच्या दिवशी येथे दोन प्रकारचे हिशेब शेजारी शेजारी चाललेले दिसतात. दुकानात गादीवर बसलेला व्यापारी वहीत जमा-खर्च मांडतो. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर भाजी मांडून बसलेली बाई तेच काम मनात करते. किती माल आणला, किती उधार गेला, कोणाकडून किती येणे आहे, हे सारे तिला पाठ असते. फरक इतकाच, की व्यापाऱ्याची वही दाखवून बँकेकडून कर्ज मिळते. तिच्या मनातली वही कोणी वाचू शकत नाही.

हा फरक पुसण्याचे प्रयत्न या परिसराला नवे नाहीत. लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नायगाव येथे 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. पुढे 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा शिकवायला त्या उभ्या राहिल्या. या मातीतील स्त्रीशिक्षणाची वाट त्यांनी दाखवली. तिचा अलीकडचा एक टप्पा पाहायचा, तर लोणंदहून पूर्वेला फलटणकडे आणि तेथून दक्षिणेला माणदेशात, म्हसवडपर्यंत जावे लागते.

फलटणपर्यंतचा रस्ता नीरा उजव्या कालव्याच्या कृपेने हिरवा आहे. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून गुऱ्हाळाचा गोड वास. फलटण हे जैन समाजाला तीर्थासारखे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले, ते याच गावी जतन केलेले आहेत. ताडपत्रे जीर्ण होतील, अक्षर मात्र टिकले पाहिजे, ही त्यामागची तळमळ. त्या तळमळीचे मूळ आणखी मागे आहे. भगवान महावीरांची वाणी शतकानुशतके केवळ स्मरणात होती. गुरूकडून शिष्याकडे कानांनीच जात होती. स्मरणशक्ती क्षीण होत चालल्याचे पाहून आचार्य धरसेनांनी ते ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना दिले आणि षट्खंडागम लिहिला गेला. त्याची आठवण म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते.

या कथेतील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. लिहिले जाण्यापूर्वीही ते ज्ञानच होते. अक्षराने त्याला जन्म दिला नाही. अक्षराने त्याचे रक्षण केले. हे मनात ठेवून पुढे म्हसवडला गेले, तर तेथे काय घडले ते नीट उमगते.

फलटण मागे पडले आणि मोगराळे घाट चढून गेले की देखावा पालटतो. ऊस संपतो, माळरान, बाभळी, ज्वारी-बाजरीची विरळ शेते आणि मेंढरांचे कळप सुरू होतात. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचे उरलेसुरले शिंतोडेच या भागाच्या वाट्याला येतात. दहिवडी, गोंदवले करीत रस्ता म्हसवडला पोहोचतो. येथे माणगंगेच्या काठी सिद्धनाथाचे देऊळ आहे. नदीत पाणी असण्यापेक्षा वाळू असण्याचेच दिवस अधिक. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्यांना मराठी साहित्यात आणले, त्या माणदेशी माणसांचा हा मुलूख.

मुंबईत वाढलेल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीत घडलेल्या चेतना गाला सिन्हा विवाहानंतर येथे राहायला आल्या. त्यांच्या कामाला ज्या प्रसंगाने वळण मिळाले, तो त्यांनी अनेक व्यासपीठांवरून सांगितला आहे. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणारी, लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यापूर्वी पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यावा, म्हणून तिला रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते. परंतु रक्कम फारच लहान म्हणून बँक खाते उघडीत नव्हती. तिला कर्ज नको होते, दानही नको होते. स्वतःचेच पैसे सुरक्षित राहावेत, एवढेच मागणे होते. या मागणीला उत्तर म्हणून महिलांचीच सहकारी बँक काढण्याचा विचार पुढे आला.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर झाला. प्रवर्तक महिलांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्या बँकेला परवाना कसा द्यावा, असा आक्षेप होता. नियमाच्या बाजूने पाहिले तर तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ठेवीदारांचे पैसे सांभाळायचे तर कागद वाचता आला पाहिजे. म्हसवडला परतल्यावर महिलांनी रडगाणे गायले नाही. आम्हाला लिहायला-वाचायला शिकवा, असे त्या म्हणाल्या. दिवसभर राबून आलेल्या बाया संध्याकाळी पाटी घेऊन बसू लागल्या.

काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या. या वेळी सह्या करता येत होत्या. परंतु बाजी जिंकली ती दुसऱ्याच गोष्टीने. कोणत्याही रकमेवरचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्र घेऊन करावे आणि कोण आधी सांगतो ते पाहावे, असे आव्हान त्यांनी दिले. परवाना मिळाला. तेराशेहून अधिक सभासद महिलांनी सात लाखांवर भांडवल जमवले आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण महिलांनी ग्रामीण महिलांसाठी चालवलेली देशातील पहिली सहकारी बँक म्हणून ती ओळखली जाते.

येथे फलटणचे ताम्रपट आठवतात. त्या बायांना हिशेब कोणी शिकवला नव्हता. तो त्यांच्याजवळ होताच. उणीव होती ती त्याला जगाने मान्य करावे अशा रूपाची. भगवान आदिनाथांनी आपल्या कन्यांपैकी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, असे पुराण सांगते. माणदेशातल्या बायांकडे सुंदरीची विद्या होती, ब्राह्मीची तेवढी राहिली होती.

बँक सुरू झाल्यावर नवे धडे मिळाले आणि ते बहुतांशी बँकेनेच घेतले. खातेदार महिला शाखेत येईनात, कारण येण्यात दिवसाची मजुरी बुडत होती. मग बँक त्यांच्या दाराशी गेली. पासबुक घरी न्यायला अनेकींचा नकार होता, कारण बचत दिसली की घरातून तिच्यावर हक्क सांगितला जाई. म्हणून पासबुकाऐवजी कार्डाचा मार्ग शोधला गेला. पुढे महिलांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा निघाली, ती बसमध्ये बसवून गावोगाव नेली गेली आणि 2008 मध्ये माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले.

या कामात हातभार लावण्यासाठी देशातून आणि परदेशातून विद्यार्थी, बँकेतील नोकरदार, संगणक जाणणारे लोक येथे काही दिवस, काही आठवडे येऊन राहतात. येणारा बहुधा शिकवण्याच्या तयारीने येतो. शिकवण्यासारखे असतेही पुष्कळ. समजा, एका बाईने चारशे रुपयांचे साहित्य आणून शेवया केल्या आणि सहाशेला विकल्या. दोनशे सुटले, असे ती म्हणते. एस.टी.चे भाडे साठ रुपये आणि सरपणाचे चाळीस वजा केले की शंभर उरतात. त्यासाठी दोन दिवस गेले असतील, तर रोजची कमाई पन्नास रुपये झाली. शेतमजुरी याहून अधिक देते. स्वतःच्या श्रमांना किंमत असते, ही नोंद कोणत्याच घरच्या वहीत नसते. ती वहीत उतरली की भाव ठरवण्याची बुद्धीही बदलते.

दुसरे उदाहरण बाजारकरणीचे. सकाळी हजार रुपये उसने घ्यायचे, देणाऱ्याने शंभर आधीच कापून नऊशे हातावर ठेवायचे आणि संध्याकाळी पुरते हजार परत करायचे, असा व्यवहार अनेक बाजारांत चालतो. नऊशेवर एका दिवसाचे शंभर, म्हणजे दिवसाला शेकडा अकरा रुपयांहून अधिक व्याज. बाईला हे कळत नाही असे नाही; दुसरा देणारा नाही, म्हणून ती घेते. अशा ठिकाणी केवळ साक्षरतेचा वर्ग घेऊन भागत नाही. आकडा समजणे आणि योग्य दराने पत मिळणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच शिकल्याचे चीज होते. म्हणूनच म्हसवडला शाळा आणि बँक शेजारी शेजारी उभ्या आहेत.

जैन मनाला येथे एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी कोणाला पैसे साठवायला शिकवावे काय? उत्तर त्या पालावरच्या कागदात आहे. श्रावकाचे अणुव्रत परिग्रहाला मर्यादा घालते. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला ते मर्यादा विचारत नाही. पावसाची भीती नाहीशी करणारी बचत परिग्रहापेक्षा अभयाच्या अधिक जवळची आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी शेवटची दोन म्हसवडच्या वर्गात एकाच वेळी घडतात.

याची कसोटी 2012-13 च्या दुष्काळात लागली. चारा-पाण्यासाठी दागिना गहाण ठेवायला बाया बँकेच्या दारात येऊ लागल्या. चारा विकत घेण्याला सोने पुरणार किती दिवस? आणि जनावर विकले तर ते कोठे जाणार, हे सांगायला नको. तेव्हा संस्थेने म्हसवडला जनावरांची छावणी उघडली. सुमारे दीड वर्ष ती चालली, हजारो मुकी जनावरे जगली आणि त्यांच्यासह ती पाळणारी कुटुंबेही. ज्या समाजाने गावोगाव पांजरपोळ उभारले, त्याला या छावणीचे मोल वेगळे सांगायला नको.

सातारा जिल्ह्यात दागिन्याची आणखी एक कथा आहे. जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली. वसतिगृहातील मुलांना अन्न कमी पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. त्या माउलीने जे दिले, ते परत मागितले नाही आणि त्या मुलांनी आयुष्यभर वसतिगृहातच राहावे, अशीही तिची इच्छा नव्हती. ती मुले शिकून स्वतःच्या पायांवर निघून गेली, हेच तिचे फळ.

म्हसवडसारख्या ठिकाणी सेवेला जाणाऱ्याने हेच जाणून जावे. बाईच्या वतीने अर्ज लिहून देणे सोपे, पण तिच्याकडून तो लिहवून घ्यायला तीन संध्याकाळी लागतात. तिचा हिशेब आपण मांडला तर आपण तिचे मुनीम होतो. तिने मांडला तर ती मालकीण होते. शिकवण्याआधी तिचा तोंडी हिशेब एकदा शांतपणे ऐकून घ्यावा. बऱ्याचदा चूक हिशेबात नसून आपल्या प्रश्नात असते, असे आढळते. दोनच दिवसांसाठी जाऊन छायाचित्रे काढून परतण्यापेक्षा, महिन्यातून एकदा का होईना, नेमाने जावे. आणि आपली गरज उरली नाही असे दिसले, की समाधानाने उठावे.

त्यासाठी प्रत्येकाने म्हसवडच गाठले पाहिजे असेही नाही. परतीच्या वाटेवर मोगराळे घाट उतरला की पुन्हा ऊस लागतो, फलटण येते आणि सायंकाळी लोणंदचा बाजार. दुकानात व्यापारी दिवसाचा मेळ घालत असतो. बाहेर गोणपाटावरची बाई नाणी मोजून पदराला गाठ मारीत असते. दोघांत अंतर पाच-दहा पावलांचे. जमाखर्चाची कला ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरांतील निवृत्त वडीलधाऱ्यांना आणि वाणिज्य शिकणाऱ्या मुलींना ती पावले चालणे अवघड नाही. गावोगावच्या महिला बचत गटांना नोंदवही लिहायला, बँकेचा कागद वाचायला, मोबाइलवर आलेले पैसे पडताळायला शिकवणारे कोणी तरी हवेच असते.

श्रुतपंचमीला मंदिरांतील ग्रंथ बाहेर काढतात, धूळ झटकतात, नवी वेष्टने बांधतात. येत्या पंचमीला तो विधी आटोपल्यावर एक कोरी वही आणि एक पेन्सिल घेऊन शेजारच्या वस्तीवर जावे. पहिल्या पानावर तिचे नाव तिनेच लिहावे आणि त्याखाली त्या दिवसाचा जमाखर्च.