पौर्णिमेचे उधाण

वैशाखी पौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर वंदना झाली की आपली मंडळी डबे घेऊन कळंब, राजोडी नाहीतर अर्नाळ्याचा किनारा गाठतात. पोरांना सुट्टी, अंगाची काहिली. पाणी दिसल्यावर धीर निघत नाही. पण समाजबांधवांनी एवढे ध्यानात घ्यावे, की पौर्णिमा हा समुद्राच्या उधाणाचा काळ. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती उंच चढते आणि ओहोटी लांबवर उतरते. आपल्या बाजूला त्या दिवशीची भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते. वंदना, भोजनदान, भाषणे (ती काही लवकर आटपत नाहीत!) उरकून आपण तीनला पाण्यात शिरतो, तेव्हा ओहोटी जोरात असते. २०१९ च्या धुळवडीला कळंबच्या समुद्रात पाच जण बुडाले. तो दिवसही पौर्णिमेचाच होता.

आपल्यात पोहणारे कमी. खेड्यात पोरे विहिरीत, तळ्यात पोहायला शिकतात. ज्यांना पाण्याला शिवूच दिले नाही, त्यांनी पोहायचे कुठे? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. पाण्याचा हक्क मिळाला, पण पोहणे शिकवणारा बाप घरोघरी कुठून येणार? मुलींचे तर विचारूच नका.

म्हणून आम्ही काही कार्यकर्ते किनाऱ्यावर उभे राहतो. सोबत दोर आणि झाकण घट्ट लावलेले तेलाचे रिकामे डबे. आधी मच्छीमारांना विचारतो, पाणी कसे आहे. त्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; अष्टमीला आठाचे सहा. मुलांना गुडघ्यापुढे जाऊ देत नाही. दारू प्यायलेल्याला पाण्यात सोडत नाही, मग तो कितीही मोठा पुढारी असो.

ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झटू नये, त्यात दम जातो. उताणे तरंगावे, हात वर करावा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जावे. ओढीचा पट्टा अरुंद असतो. बुडणारा ओरडतोच असे नाही; बरेचदा मुकाट्याने खाली जातो. त्याच्यामागे उडी घेणारा पोहता न येणारा भाऊ आणि मामाही जातो. उडी घेऊ नका, काहीतरी फेका. बाहेर काढलेल्याला गरगर फिरवू नये, पोट दाबू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावे आणि १०८ ला फोन लावावा.

हे सारे आम्ही विहारात सांगत होतो. दोर नसेल तर साडी फेका म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मागे बसलेली एक आजी मात्र म्हणाली, "हसता काय गं? तुमच्या पाचवारीपरीस माझं लुगडं लांब पडंल. मला पुढं उभी करा."